दोन खाती वेगळी मांडा

(वेरूळ येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाव, वीज आणि कर्ज हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. त्यांच्या जोडीला आज एक वेगळा विषय घेतला आहे. दारूमुळे यकृताचा आणि स्वादुपिंडाचा जो आजार होतो, त्याबद्दल शास्त्रज्ञांना आजवर काय सापडले आणि त्यातून आपण काय घ्यायचे, हे आज मांडायचे आहे.

हा विषय शेतकऱ्यांच्या व्यासपीठावर घेऊ नये, असे आमच्यातल्याच काही कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. शेतकरी कर्जबाजारी का, असा प्रश्न निघाला की शहरातल्या शहाण्या माणसाचे उत्तर तयार असते : दारू पितो, लग्नात उधळतो, कामाचा कंटाळा करतो. आपणच दारूचे नाव काढले तर या मंडळींच्या हाती आयते कोलीत मिळेल, अशी या कार्यकर्त्यांना धास्ती होती. ही धास्ती खोटी नाही. म्हणून पहिल्यांदा तिचाच निकाल लावू आणि मग पुढे जाऊ.

शेतकऱ्याचे कर्ज दारूमुळे नाही. ज्याने गळ्यात माळ घातली, ज्याच्या घरात तीन पिढ्यांत बाटली आली नाही, तोही कर्जातच आहे. गावात पिणाराही बुडतो आणि न पिणाराही बुडतो, तेव्हा बुडण्याचे कारण पिण्यात नसते. उत्पादनखर्च भरून न येणारा भाव हे ते कारण आहे. हे आपण वर्षानुवर्षे आकडे मांडून सांगत आलो आणि पुढेही सांगू.

पण एवढ्यावरून काही लोक पुढची उडी मारतात. दारू कर्जाचे कारण नाही, म्हणजे ती कशाचेच कारण नाही, असे त्यांना वाटते. हा हिशेब चुकीचा आहे. गरिबीचे खाते वेगळे आणि आजाराचे खाते वेगळे. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात टाकली की दोन्ही खाती खोटी होतात. आज आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच.

तुलनेचा वाफा

आम्ही शेतकीचे पदवीधर. शेतकी कॉलेजात पहिला धडा मिळतो तो तुलनेच्या वाफ्याचा. खत टाकले आणि पीक चांगले आले म्हणून ते खतामुळेच आले, असे म्हणता येत नाही. त्या वर्षी पाऊसही चांगला झालेला असेल. म्हणून शेजारी तसलाच एक वाफा खत न देता ठेवायचा. दोन्हींत फरक पडला, तर तो खताचा.

यकृताच्या बाबतीत शास्त्रज्ञांचा असाच घोळ होता. दारुड्याचे यकृत खराब होते हे डॉक्टरांना शंभर-दीडशे वर्षांपूर्वीही माहीत होते. पण ते दारूने होते की दारुडा जेवत नाही म्हणून होते, यावर एकमत नव्हते. इन्शुलिनच्या शोधात ज्यांचा वाटा होता ते कॅनडाचे चार्ल्स बेस्ट आणि त्यांचे सहकारी १९४९ साली म्हणाले की दारू यकृताला साखरेइतकीच विषारी आहे, त्यापेक्षा जास्त नाही. खरे कारण आहाराची उणीव. हे मत बरीच वर्षे टिकले. भरपूर खा आणि मग प्या, काही होत नाही, असे आजही आपल्या गावात ऐकू येते. त्याचे मूळ असे जुने आहे.

न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लिबर नावाच्या डॉक्टरांनी १९६० नंतर हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी स्वयंसेवकांना प्रथिने आणि जीवनसत्त्वे भरपूर असलेला आहार दिला आणि सोबत मोजून दारू दिली. आहार उत्तम असूनही थोड्याच दिवसांत यकृतात चरबी साठू लागली. पुढे बबून जातीच्या माकडांवर काही वर्षे प्रयोग केला आणि १९७४ साली दाखवून दिले की पोषक आहार चालू असताना नुसत्या दारूने यकृत घट्ट होऊन निकामी होऊ शकते. बबूनच्या प्रयोगावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले. पण भरल्या पोटी दारू यकृताला काही करत नाही, हे म्हणणे मात्र पुन्हा उभे राहिले नाही. उपाशीपोटी पिणे अधिक वाईट, हे खरे आहे. पोटभर खाऊन पिणे निर्धोक, हे खरे नाही.

दुसरा तुलनेचा वाफा इतिहासाने घालून दिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स ताब्यात घेतला आणि पॅरिसमध्ये द्राक्षाची दारू रेशनवर मिळू लागली. त्या वर्षांत लोकांना खायलाही कमीच मिळत होते. आहाराची उणीव हे खरे कारण असते, तर यकृताचा आजार वाढायला हवा होता. झाले उलटे. यकृत घट्ट होऊन मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. युद्ध संपले, रेशन उठले आणि ती संख्या पुन्हा चढली. गरिबी तीच, उपासमार तीच; दारू कमी झाली तर आजार कमी झाला. शास्त्रज्ञांनी दोन खाती वेगळी केली ती अशी.

आल्याची सड आणि लिव्हरची सड

खुलताबाद, कन्नड, फुलंब्री या भागात आले करणारे शेतकरी इथे बसले आहेत. आल्याला सड लागते तेव्हा काय होते, हे त्यांना सांगायला नको. वर पाला हिरवागार असतो. पान पिवळे पडते तेव्हा खाली कंद सडून गेलेला असतो. पान पिवळे पडल्यावर औषध ओतणाऱ्याच्या हाती काय लागते, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

यकृत, ज्याला आपण लिव्हर म्हणतो, तेही असेच आहे. रोज बरीच दारू पिणाऱ्या शंभरातल्या नव्वदांच्या यकृतात चरबी साठते. माणसाला काही कळत नाही. तो नांगर धरतो, पोती उचलतो. या टप्प्यावर पिणे थांबले तर काही आठवड्यांत चरबी उतरू लागते. थांबले नाही तर काहींच्या यकृताला सूज येते. सूज भरताना जागोजागी वण पडतात. वणांचे जाळे वाढले की मऊ यकृत गाठाळ आणि कडक होते. त्याला डॉक्टर सिरॉसिस म्हणतात.

पोटातले रक्त यकृतातून गाळून पुढे जाते. यकृत कडक झाले की रक्ताची वाट अडते. चारीत गाळ बसला की पाणी मागे तुंबते आणि बांधाच्या कच्च्या जागेवर फुटते. तसे हे रक्त तुंबून अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. चांगला चालता-बोलता माणूस रक्ताची उलटी करतो. पोटात पाणी होते, डोळे पिवळे होतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. घरचे म्हणतात, कालपर्यंत चांगला होता. तो कालपर्यंत चांगला नव्हता. फक्त पान हिरवे होते.

इथे एका शब्दाचा समाचार घेतला पाहिजे. गावात म्हणतात, अमका 'पचवतो'. एवढी पितो पण पाय डगमगत नाही. लोक त्याचे कौतुक करतात. रोजच्या पिण्याने मेंदू दारूला सरावतो आणि यकृत दारू फोडण्याची जादा यंत्रणा उभी करते. ही यंत्रणा लिबर यांच्याच प्रयोगशाळेने १९६८ साली दाखवली. म्हणजे न डगमगणाऱ्या माणसाच्या यकृतावर डगमगणाऱ्यापेक्षा जास्त दारू येऊन पडते, कारण त्याला थांबवणारे काहीच उरलेले नसते. अशा माणसाने अंग दुखते म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्या मनानेच खाणे घातक आहे, कारण तीच जादा यंत्रणा त्या गोळीचे विष अधिक बनवते. जो पचवतो, त्याची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी.

पोत्यातली चुनकळी

दुसरा अवयव स्वादुपिंड. डॉक्टर पॅनक्रिया म्हणतात. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवा असतो. अन्न पचवणारे तीव्र रस तो तयार करतो आणि साखर आवरणारे इन्शुलिनही तोच करतो. त्याचे पाचक रस तयार होताना निद्रिस्त असतात, आतड्यात पोचल्यावर जागे होतात. चुनकळी पोत्यात असते तोवर गप्प असते. पण पोत्यात पाणी शिरले की पोतेच जळते. तसे हे रस कधी आतल्या आतच जागे होतात आणि ज्या अवयवाने त्यांना बनवले त्यालाच पचवू लागतात. हान्स किआरी या शास्त्रज्ञाने १८९६ सालीच हे ओळखले होते. अति दारू हे असे होण्याचे एक मोठे कारण आहे. पित्ताशयातले खडे हे दुसरे.

बेंबीच्या वर असह्य दुखते, कळ पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत, पुढे वाकून बसले की थोडे बरे वाटते. गावात याला पित्त म्हणतात, गॅस म्हणतात आणि सोडा पाजतात. शंभरातले सुमारे ऐंशी रुग्ण दवाखान्यात सलाइन आणि साध्या उपचारांवर आठ-दहा दिवसांत सुधारतात. उरलेल्या विसांचा आजार गंभीर होतो. त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागते, कित्येक आठवडे जातात आणि त्यांतले बरेच जण वाचत नाहीत. असे झटके पुन्हा पुन्हा आले की स्वादुपिंड वाळत जाते. मग खाल्लेले अंगी लागत नाही, वजन उतरते आणि मधुमेह मागे लागतो. दारूच्या जोडीला विडी-सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो. तंबाखूचा धूर स्वादुपिंडाला स्वतंत्रपणे मारतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात २००९ साली दिसून आले.

क्वार्टरचा हिशेब

शेतकऱ्याला माप कळते. म्हणून मापात बोलू. १८० मिलीची क्वार्टर ४२.८ टक्के तीव्रतेची असेल तर तिच्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची धरली तर तिच्यात सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे दोन बाटल्या बिअर पिणारा क्वार्टरवाल्यापेक्षा जास्त पितो. 'आपण दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो' असे म्हणणाऱ्या तरुण पोरांनी हा गुणाकार पाठ करावा. यकृत लेबल वाचत नाही, ग्रॅम मोजते.

किती ग्रॅमला धोका? उत्तर इटलीत दोन छोट्या गावांतल्या जवळजवळ सात हजार लोकांची तपासणी झाली. दवाखान्यात आलेले रुग्णच तेवढे न पाहता सगळ्या गावाला तपासले. १९९७ साली निष्कर्ष छापून आला : दिवसाला ३० ग्रॅमच्या पुढे गेले की यकृताच्या आजाराचा धोका वाढू लागतो. ३० ग्रॅम म्हणजे अर्धी क्वार्टर. मुंबईच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या देशी आणि गावठी दारूचा यकृताच्या आजाराशी असलेला संबंध अभ्यासला. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. तिथेही रोज पिणे, दिवसाचे प्रमाण आणि पिण्याची वर्षे याच गोष्टी निघाल्या. बाईचे शरीर पुरुषापेक्षा कमी दारूत बिघडते, हेही आता पक्के झाले आहे.

आता कोणी म्हणेल, आमचा आजा नव्वद वर्षांपर्यंत रोज प्यायला, त्याला काही झाले नाही. खरे असेल. खूप पिणाऱ्या शंभरातल्या साधारण दहा ते वीस जणांना सिरॉसिस होतो, सगळ्यांना होत नाही. कोणाला होतो यात बियाण्याचाही भाग आहे. पीएनपीएलए-३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांचे यकृत लवकर बिघडते, हे २००८ नंतरच्या संशोधनाने दाखवले. गारपीट एका शिवारात पडते आणि शेजारच्यात पडत नाही. म्हणून गारपिटीने नुकसान होत नाही, असे कोणी म्हणत नाही. आणि आपल्या शिवारावर ती पडणार की नाही, हे आधी कळत नाही.

याच्या उलट बाजूही लक्षात ठेवा. यकृत गेले किंवा स्वादुपिंड सुजले म्हणजे माणूस प्यायलाच असेल, असे नाही. कावीळ ब आणि कावीळ क यांनीही यकृत जाते. स्वादुपिंडाच्या जुनाट आजाराच्या देशभरातल्या १,०८६ रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांत दारूचे रुग्ण सुमारे ३९ टक्के होते. त्याहून जास्त रुग्णांत कारण सापडलेच नाही. अशा रुग्णात बाया असतात, शाळकरी मुले असतात, माळकरी असतात. त्यांना 'पीत असेल' म्हणून डाग लावणे म्हणजे पुन्हा एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात टाकणे.

औषध कुठे संपते

यकृताला एवढी सूज आली की कावीळ झाली, त्यावर काय औषध? इंग्लंडमध्ये १,१०३ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१५ साली आला. इतकी वर्षे वापरात असलेल्या दोन औषधांपैकी एकाचा काहीच उपयोग दिसला नाही. दुसऱ्याने, म्हणजे स्टेरॉइडने, पहिल्या महिन्यात थोडा फरक पडल्यासारखे वाटले. तीन महिन्यांनंतर तोही टिकला नाही. शेवटचा उपाय यकृत बदलण्याचा. त्याला कित्येक लाख रुपये लागतात आणि यकृताचा तुकडा द्यायला घरातलेच माणूस लागते. पुष्कळदा ती बायको असते, बहीण असते. ज्या बाईने वीस वर्षे मार खाल्ला, तिनेच पोट चिरून घ्यायचे.

झाडपाल्याने कावीळ उतरवणारे गावोगाव आहेत. साधी कावीळ आपोआप उतरते आणि श्रेय त्यांना मिळते. दारूच्या काविळीत तिथे घालवलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत. पोट फुगले, डोळे पिवळे झाले, काळी शौच झाली की थेट तालुक्याच्या दवाखान्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला घाटीत न्या.

मग हातात काय उरते? सर्वांत जोरदार उपाय फुकटचा आहे. अमेरिकेत सिरॉसिस झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास १९६८ साली छापला गेला. ज्यांनी दारू सोडली त्यांच्यातले शंभरात ६३ पाच वर्षांनंतर जिवंत होते. ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यातले शंभरात ४०. यकृत कडक झाल्यावरसुद्धा एवढा फरक.

सोडा म्हटल्याने सुटत नाही, हे इथल्या बायांना आमच्याहून जास्त माहीत आहे. इथे फिनलंडमधला एक प्रयोग उपयोगी आहे. स्वादुपिंडाचा पहिला झटका आलेले १२० पिणारे रुग्ण घेतले. निम्म्यांना दवाखान्यात असताना एकदाच समजावले. निम्म्यांना दर सहा महिन्यांनी बोलावून नर्सने पुन्हा पुन्हा समजावले. दोन वर्षांत पहिल्या गटातल्या १३ जणांना पुन्हा झटका आला, दुसऱ्या गटातल्या ५ जणांना. निकाल २००९ साली छापला. नवे औषध नाही, यंत्र नाही. कोणीतरी सहा महिन्यांनी पुन्हा विचारले, एवढाच फरक. भावांनो, हे काम करायला डॉक्टर व्हावे लागत नाही. गावात संघटनेचा कार्यकर्ता आहे, आशाताई आहे.

दुसरे खाते कोणाचे?

आजाराचे खाते नीट मांडले की दुसरे खाते आपोआप उघडे पडते. एक टन ऊस गाळला की साधारण ४० किलो मळी निघते. एक टन मळीतून २२० ते २५० लिटर अल्कोहोल निघते. म्हणजे तुमच्या एक टन उसाच्या मळीत नऊ-दहा लिटर अल्कोहोल आहे, सुमारे १२० क्वार्टरचे. सगळी मळी दारूला जात नाही. आज पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉलही तिच्यातून होते. पण दारूला गेली तर हिशेब काय? जून २०२५ मध्ये राज्य सरकारने शुल्क वाढवले तेव्हा देशी दारूच्या १८० मिलीला किमान ८० रुपये दर ठरला. १२० गुणिले ८० म्हणजे ९,६०० रुपये. आणि २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये, तीही साखरेसकट. त्याच निर्णयाने वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा महसूल मिळेल, असे सरकारच सांगत होते.

ऊस पिकवणारा भावात बुडतो. त्याच उसाची मळी बाटलीत भरून त्याच्याच गावात येते आणि त्याचे यकृत नेते. मधला पैसा सरकार आणि कारखानदार वाटून घेतात. आणि वर तेच सरकार म्हणते, शेतकरी दारूमुळे गरीब आहे!

पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. तेव्हा आपल्या जिल्ह्यातले बिअरचे कारखाने चालू होते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला हुकूम काढावा लागला : मराठवाड्यातल्या दारू कारखान्यांचे पाणी आधी ५० टक्के, मग २७ एप्रिलपासून १० जूनपर्यंत ६० टक्के कापा. हे सरकारला आपणहून सुचले नव्हते.

बायांचा हक्क

सरकारी दारूबंदी हवी की नको, हा वाद आम्ही इथे सोडवत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ च्या सुमारास गावकऱ्यांना बरोबर घेऊन दारूचा अभ्यास केला. लोकांची चळवळ उभी राहिली आणि १९९३ साली तिथे दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. ज्या निर्णयाला गावाने धरून ठेवले नाही, तो मंत्रालयातून येतो तसा मंत्रालयातूनच जातो.

निर्णय गावाचा, आणि गावात पहिला हक्क बायांचा. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर गावातली दारू दुकाने बंद करण्याची आंदोलने महिला आघाडीने हाती घेतली. आज त्याला कायद्याचा आधार आहे. मार्च २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली केली की परवान्याचे दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मे नव्हे, यादीच्या निम्मे; म्हणून घरी बसून चालत नाही.

आणखी एक. दवाखान्याचे बिल आले की पहिल्यांदा रान विकायला निघते. १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. सातबारावर तिचे नाव असेल तर तिच्या सहीशिवाय ते रान जात नाही. आजारी नवऱ्याला वाचवताना पोरांचे रान वाचवण्याचा तेवढाच एक उपाय तिच्या हाती असतो.

बैठकीपुढे ठराव

म्हणून या बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली : प्रत्येक गावशाखेने रोज पिणाऱ्या माणसांच्या घरी जावे. यादी चावडीवर वाचायची नाही, कोणाची अब्रू काढायची नाही. सांगायचे एवढेच : सोनोग्राफी आणि यकृताची रक्ततपासणी करून घे. सहा महिन्यांनी पुन्हा जायचे. मग पुन्हा.

दुसरी : जो वर्षानुवर्षे रोज पितो त्याला एका रात्रीत शपथ घालून दारू तोडायला लावू नका. हात कापतात, झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतून होतात आणि त्यांना फी नसते.

तिसरी : ज्या गावात बायांना दुकान नको आहे, तिथे संघटनेने २५ टक्के सह्यांपासून मतदानाच्या दिवसापर्यंत त्यांच्या मागे उभे राहावे. पुढे नव्हे, मागे.

चौथी : उसाच्या दराच्या प्रत्येक वाटाघाटीत मळीचा आणि अल्कोहोलचा हिशेब मागावा. टनाला किती लिटर निघाले, कोणाला विकले, काय भावाने.

पहिल्या तीन गोष्टी आजाराच्या खात्यातल्या, चौथी भावाच्या खात्यातली. भाव मिळाला म्हणून सडलेले यकृत बरे होणार नाही, आणि दारू सोडली म्हणून कापसाला भाव मिळणार नाही. दोन्ही लढाया लढायच्या आहेत आणि दोन्हींसाठी जिवंत, धडधाकट माणसे लागतात. पुढच्या बैठकीला गावशाखांनी भावाचे कागद आणावेत आणि किती घरी दुसऱ्यांदा जाऊन आलो, त्याचा आकडाही आणावा.